आधी अंदाज, मग सूत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शेजारच्या आठवीतल्या मुलाला मी हमीभावाचे गणित घातले. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी ५३२८ झाला. वाढ शेकडा किती? वजाबाकी बरोबर आली, ४३६. सूत्रही बरोबर मांडले. भागाकारात दशांशचिन्ह घसरले आणि उत्तर आले ८९.१ टक्के. त्याने खाली दोन रेघा ओढून वही पुढे केली. त्याच्या घरी दरवर्षी सोयाबीन पेरतात. भाव जवळजवळ दुप्पट झाला असता तर ते त्याला घरातच कळले असते. पण वहीतले सोयाबीन वेगळे आणि शिवारातले वेगळे, अशीच आपण मुलांना सवय लावली आहे. याचे मला फार वाईट वाटले.

मग वही मिटायला लावली. ४८९२ म्हणजे ४९०० धर. दहावा भाग ४९०. वाढ ४३६, म्हणजे दहा टक्क्यांच्या आतच. कमी किती? ५४. एक टक्का ४९ चा, म्हणून साधारण नऊ टक्के. (अचूक उत्तर ८.९.) नंतर तूर विचारली : ७५५० वरून ८०००. "यात तर साडेचारशे वाढले, सोयाबीनपेक्षा जास्त!" तो लगेच म्हणाला. दहावा भाग ७५५, त्याचा निम्मा ३७७ म्हणजे पाच टक्के. वर बहात्तर-त्र्याहत्तर उरतात, म्हणजे आणखी एक. सहा टक्के. रुपये जास्त, तरी वाढ कमी, हे त्याचे त्यालाच दिसले.

मोठी माणसेही इथेच चुकतात. मोंढ्यात भाव ५००० वरून ४००० वर आला की वीस टक्के पडला म्हणतो आणि वीस टक्के चढला की भरून निघेल असे धरतो. ४००० चे वीस टक्के आठशेच. पुन्हा ५००० गाठायला पंचवीस टक्के लागतात, कारण आता मोजायचे ते ४००० वर.

पावकी, निमकी पाठ असलेल्या पिढीला हा ठोकताळा तोंडी जमायचा. पाढे परत आणा असे मी म्हणत नाही. गणित शिक्षकांना एवढीच विनंती आहे, की टक्केवारीच्या उदाहरणात सूत्राआधी 'अंदाजे' अशी एक ओळ लिहून घ्या आणि चाचणीत तिला अर्धा गुण द्या. औसा परिसरातल्या कुठल्याही शाळेत शनिवारी सकाळी येऊन तासभर हे शिकवायला मी तयार आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक, औसा (जि. लातूर)