चकलीच्या तेलाबद्दल

नौपाडा, ठाणे
सोमवार, रात्री

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल ताटावरून उठून तू तसाच पुण्याच्या गाडीला गेलास. भांडण वाढवायला लिहीत नाहीये. चकली मागवणाऱ्या त्या बाईंच्या मुलाचा विषय तर आज काढायचाच नाही असं ठरवलं होतं.

तू एआय आणलंस तेव्हापासून काय काय सोपं झालं ते मी मंदाताईंशी रोज बोलते, तुझ्याशी मात्र कधी बोलले नाही. मागच्या चार दिवाळ्यांच्या ऑर्डरी त्याला दिल्यास आणि त्याने भाजणीचा अंदाज काढला. नानांच्या वहीवरून मी काढायचे त्यापेक्षा तो नेमका निघाला, पहिल्यांदाच भाजणी उरली नाही. न्यू जर्सीला जाणारी इंग्रजी पत्रं मी दोनदोनदा वाचते. गोखले रोडवर कुणी भेटलं की सांगते, हे आमच्या निखिलने बसवलंय.

बिलांचंही मी मनावर घेतलं नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून फरसाणावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झाला, तरी त्याने १२ नेच बिल केलं. ते जुनं वाचून शिकलेलं असतं, नवं आपण सांगायचं, असं तू म्हणालास. पटलं मला. जास्तीचे पैसे परत करता येतात.

पण निखिल, त्या बाईंनी विचारलं होतं, "मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, चकली चालेल ना?" आणि आपल्याकडून उत्तर गेलं, "हो, आमच्या चकलीत शेंगदाणे नसतात." भाजणीत नसतातच. तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, एवढंच कृतीत लिहिलेलं, त्यावरून त्याने सांगितलं. तळण घाण्याच्या शेंगदाणा तेलात होतं, चिवड्याचे दाणे त्याच कढईत तळतो, हे कागदावर कुठेच नव्हतं. ते आमच्या हातांना माहीत. मंदाताईंनी संध्याकाळी मेसेज उघडून वाचले म्हणून, नाहीतर पार्सल गेलंच होतं.

"त्याची चूक नाही, माहितीच दिली नव्हती," हे तुझं खरं आहे. पण त्या मुलाच्या आईला आपण हेच सांगणार होतो का? मधूच्या वेळी आपण सगळे तिथे होतो. तू दहा वर्षांचा होतास, तिची एक चप्पल हातात घट्ट धरून बाकावर बसला होतास. कुणी मागितली तरी देत नव्हतास.

मंदाताईंना कुणी असं विचारलं तर त्या आधी उलट विचारतात. मूल केवढं, त्रास कशाने झाला, डॉक्टर काय म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी घाईने कुणाला 'हो' म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुझं यंत्र विचारलं तेवढ्याचं उत्तर देतं, आणि इतक्या खात्रीने की ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. पाकिटावर आपला एफएसएसएआयच्या अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर असतो, खाली नानांचं नाव असतं. धंदा करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं की

पाहा, सुरू झालं माझं. राग मानू नकोस. लेबलवर शेंगदाण्याचा उल्लेख करायचा नियमच आहे, तो आपण चिवड्यावर केला आणि चकलीवर केला नाही. ती चूक माझी. तू शाळेत असताना शनिवारी माझ्याजवळ बसून लेबलं चिकटवायचास, एक वाकडं लागलं तर पाकीट बाजूला काढायचास. काल तुला 'निष्काळजी' म्हणाले, तेव्हा हे आठवायला हवं होतं.

'काढून टाक ते सगळं' हेही रागात म्हणाले. काढू नकोस. ऑर्डरी, बिलं, पत्रं त्याला करू दे. फक्त ॲलर्जी, साखर, बाळंतीण, लहान मूल असं काही मेसेजमध्ये आलं की त्याने उत्तर देऊ नये, ते सरळ मंदाताईंच्या फोनवर यावं. असं बसवता येईल ना?

त्या बाईंना मी आज फोन केला. मुलगा सहा वर्षांचा आहे. सूर्यफुलाच्या तेलात वेगळ्या तळून द्याल का, असं त्या विचारत होत्या. मी नाही म्हणाले. दाण्याचं कूट आपण त्याच ओट्यावर करतो. पैसे परत पाठवले.

कुठल्या पदार्थाला कुठलं तेल, कुठली कढई, हे मी वहीत लिहायला घेतलंय. सतरा पदार्थ झाले. बाकीचं मंदाताईंना विचारून घे. दुपारी तीननंतर फोन कर, तोवर तळण चालू असतं.

तुझी,
आई