रिंग रोडवरच्या टायरवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

स्प्रिंग बदलून खाली बसवलेली माझी लाल फोक्सवॅगन पोलो तुम्हाला आठवत असेल. तिला १५ च्या जागी १६ इंची रिम्स लावायच्या होत्या. आधी एका दुकानात "बसून जाते, घासलं तर फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, ठोकून देऊ" एवढंच ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, "आधी गाडी पायतो, मंग रिमची गोष्ट करू." आणि पट्टी घेऊन चाकापाशी बसलात. त्यासाठी तुमचे आभार मानायचेत, तेही चारचौघांत.

मला आवडलेली रिम ७ इंच रुंद, ऑफसेट ३०. गाडीची मूळ रिम ६ इंच, ऑफसेट ४०. (ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर.) तुम्ही बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलात: रुंदीमुळे दोन्ही बाजूंना जवळपास पावणेतेरा मिलिमीटर, ऑफसेटमुळे बाहेर आणखी १०. म्हणजे चाक जवळजवळ २३ मिलिमीटर बाहेर! लो गाडीत टायर आधीच फेंडरच्या पोटात असतो. मागे तीन माणसं बसली आणि ब्रेकर आला की पत्रा टायर कापणारच. तुम्ही ऑफसेट ३८ ची रिम काढलीत, टायर २०५/५० आर १६ या मापाचा. मूळ १८५/६० आर १५ पेक्षा व्यास आठच मिलिमीटर जास्त, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा फसत नाही. तरी लगेच विकली नाहीत. एकेक चाक लावून पाहिलंत, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलंत, दुकानातली पोरं मागच्या सीटवर बसवून फेंडरखाली बोट घालून पाहिलंत.

बोल्टचं तर मला कुणीच सांगितलं नव्हतं. फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट रिमला टेकतो तिथे गोल असतो, या रिमला निमुळता लागतो. जुनाच कसला असता तर घट्ट वाटला असता आणि चालत्या गाडीत सैल होत गेला असता. तुम्ही नवे बोल्ट घातलेत, हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावर, ५७.१ मिलिमीटरची रिंग बसवलीत आणि बोल्ट कसायची गन बाजूला ठेवून टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन-मीटरवर कसलेत. इतकी काळजी पैसे मोजूनही मिळत नाही, भाऊ.

अलाइनमेंट झाल्यावर हवेचं बजावलंत: सकाळी, टायर थंड असतानाच मोजायची, मे महिन्यातल्या दुपारी वाढलेली दिसली तरी काढायची नाही. आईनेही ते ऐकलं, आता तीच मला आठवण करते.

परवा आई, बाबा, मावशी सगळ्यांना घेऊन समृद्धीने वर्ध्याला जाऊन आलो. कुठे घासलं नाही, शंभरलाही स्टिअरिंग थरथरलं नाही. थोडी गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासायला बोलावलंत, त्याचे पैसे तर घेतलेच नाहीत.

रविवारी मित्राची व्हेंटो घेऊन येतोय. तीही लो केलेली आहे. रिम्स अजून घेतल्या नाहीत, आधी तुम्ही मोजा म्हटलंय त्याला.

तुमचा,
लाल पोलोवाला