लेन्सला बुरशी आणि वॉरंटीला नकार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

विषय: वॉरंटीतील टेलिफोटो झूम लेन्सची दुरुस्ती नाकारल्याबद्दल आणि सोबतच्या पुस्तिकेतील चुकीच्या सूचनांबद्दल

महोदय/महोदया,

गेल्या दिवाळीत रत्नागिरीतल्या तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून मी तुमची टेलिफोटो झूम लेन्स (कॅमेऱ्यातून दूरचे दृश्य जवळ आणणारी) घेतली. दोन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे. तरीही तुमच्या सर्व्हिस सेंटरने ‘आत बुरशी, ग्राहकाची निष्काळजी हाताळणी’ असा शेरा मारून लेन्स परत पाठवली आणि साफसफाईचे वेगळे पैसे मागितले. हा शेरा मला मान्य नाही.

लेन्स पाण्यात पडलेली नाही की आपटलेली नाही. 1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर बाहेर पडू लागतात. ते टिपायला लेन्स लावली तर उजेडाकडचा प्रत्येक फोटो धुरकट, कॉन्ट्रास्टचा पत्ता नाही. बाहेरची काच लख्ख होती. मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरून पाहिले, तेव्हा आतल्या काचेच्या कडेकडून मध्याकडे सरकत गेलेले पांढरे बारीक तंतू दिसले. ही बुरशी नुसती चिकटत नाही, वेळीच काढली नाही तर कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. म्हणून मी लगोलग लेन्स तुमच्याकडे पाठवली, पण तिथे ती किती आठवडे पडून होती हे तुमच्याच पावतीवरून कळेल.

आता ‘निष्काळजी’पणाबद्दल. खोक्यातली ‘हौशी छायाचित्रकारांसाठी सूचना’ ही पुस्तिका मी ठेवली आहे. तिच्यात लिहिले आहे: वापरानंतर लेन्स कोरड्या कापडाने पुसून सोबतच्या पाऊचमध्ये बंद ठेवावी. मी तेच केले. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या चपलेला आणि कपाटातल्या पट्ट्याला हिरवट बुरा चढतो. अशा हवेत जाड अस्तराचा, अंधारा, बंद पाऊच म्हणजे बुरशीला आयते घरच. ज्या सूचनेने लेन्स गेली, ती पाळणाऱ्यालाच तुम्ही निष्काळजी ठरवता!

पुसण्याची सूचनाही धड नाही. भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावरून आल्यावर काचेवर वाळूचे कण आणि मिठाचा थर असतो. त्यावर थेट कोरडे कापड फिरवले की ओरखडे पडणारच. आधी ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या रबरी पंपाने) कण उडवायचे, बॅरल, म्हणजे लेन्सची बाहेरची नळी, गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या कापडाने टिपून वाळवायचे आणि मगच काचेला लेन्स क्लीनर लावायचा, हे इथला कुठलाही जुना फोटोग्राफर सांगेल. साठवणुकीलाही हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक स्वस्तातला हायग्रोमीटर पुरतो. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहिली म्हणजे झाले. त्याखाली फार उतरवली तर आतले वंगण सुकण्याची भीती असते, तेही सांगायला हवे. विजेच्या ड्राय कॅबिनेटची (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटाची) शिफारस करायची तर पावसात आमची वीज किती वेळा जाते हेही लक्षात घ्या. पुस्तिकेत यातले अक्षरही नाही. तुमचा यूव्ही फिल्टर घ्या, हे मात्र तीनदा छापले आहे. (खाऱ्या तुषारांपासून पुढची काच वाचवायला फिल्टर लावावा, याला माझी हरकत नाही. पण तो आतली बुरशी थांबवत नाही.)

जाहिरातीत हीच लेन्स खडकावर, लाटांच्या तुषारांत दाखवली आहे. लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या माउंटजवळचे रबरी गॅस्केट (सील) थेंब अडवते, हे कबूल. पण झूम करताना पुढची नळी बाहेर येते आणि लेन्स हवा आत ओढते. ती हवा दमट असेल तर गॅस्केट काय करणार? शिवाय कॅमेरा बॉडीलाही सील नसेल तर लेन्सच्या सीलचा अर्धा उपयोग गेला. समुद्राचे चित्र दाखवून विकायचे आणि दमट हवेने बिघडली की हात वर करायचे, हे चालणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि त्याच कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तक्रार करता येते.

लेन्स विनामूल्य उघडून साफ करावी. कोटिंग गेले असेल तर ती काच बदलून द्यावी, आणि जमत नसेल तर बदली लेन्स द्यावी. येण्याजाण्याचा कुरिअर खर्च तुमचा. पुस्तिकेतली पाऊचची सूचना काढून किनारपट्टीसाठी वेगळे पान घाला, शक्यतो मराठीत. या पत्राचे लेखी उत्तर 30 दिवसांत न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुढे आयोगाकडे जाईन. फोनवरचे ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ आता पुरे.

आपला ग्राहक,
रत्नागिरी

सोबत: बिल आणि वॉरंटी कार्डाच्या प्रती, सर्व्हिस सेंटरचा शेरा व पावती, पुस्तिकेतील संबंधित पान, टॉर्चच्या उजेडात काढलेले आतल्या काचेचे फोटो