खरजेचा उपचार एकट्याचा नको, खोलीचा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सदाशिव आणि शनिवार पेठेत ‘कॉट बेसिस’वर राहणारे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, उपनगरांतील वसतिगृहांतल्या मुली आणि वाघोली-हिंजवडीकडच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारे मजूर या सर्वांकडून एकच तक्रार ऐकू येते: मलम लावले, खाज थांबली आणि महिन्याभरात खरूज पुन्हा उलटली. मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. निवृत्तीनंतरही ओळखीच्या वसतिगृहांतून मला या कारणासाठी बोलावणे येते. त्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की, बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. उपचार एका माणसाचा होतो आणि आजार मात्र संपूर्ण खोलीचा असतो.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. त्याची मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बोगदा करून राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि सगळी गोम इथेच आहे. एका मुलीला खाज सुटून ती डॉक्टरांकडे जाते तेव्हा शेजारच्या कॉटवरील मैत्रिणीच्या अंगात किडा आधीच शिरलेला असतो, पण तिला काहीच जाणवत नसल्यामुळे तिला औषध मिळत नाही. पहिली बरी होते, दुसरीला खाज सुरू होते आणि तिच्याकडून पहिलीला पुन्हा लागण होते. म्हणून खाज असो वा नसो, एका खोलीत किंवा एका घरात राहणाऱ्या प्रत्येकाने एकाच रात्री औषध घेणे आणि सात ते चौदा दिवसांनी सर्वांनी ते पुन्हा घेणे आवश्यक असते. अंड्यांवर औषधाचा पुरेसा परिणाम झाला नसेल, तर त्यांतून नंतर बाहेर पडलेले किडे या दुसऱ्या वेळेला मरतात.

प्रत्यक्षात चिठ्ठीवर पाच टक्के पर्मेथ्रिनची एकच ट्यूब लिहिलेली असते. एका प्रौढ माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते. सहा जणींच्या खोलीला दोन वेळा लावण्यासाठी हे प्रमाण ३६० ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमच्या बारा ट्यूब होते. घरून महिन्याचे मोजके पैसे येणारी मुलगी स्वतःपुरतीच ट्यूब आणते आणि तीही पुरवून पुरवून, खाजेल तिथेच लावते. मलम मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, जांघेत आणि नखांखालीही लावून आठ ते चौदा तास ठेवायचे असते, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचे असते, हे तिला कोणी नीट समजावलेले नसते. दवाखान्यातील गर्दीत त्यासाठी दोन मिनिटेही मिळत नाहीत याची मला कल्पना आहे, पण ती दोन मिनिटे हाच अर्धा उपचार आहे. उपचार यशस्वी झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हे सांगणेही तितकेच गरजेचे आहे. ते ठाऊक नसल्याने माणसे रोज मलम फासत राहतात, कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि खरूज वाढली असा समज होतो.

पर्मेथ्रिनचा गुण पूर्वीसारखा येत नाही, असे अलीकडे अनेक देशांतील त्वचारोगतज्ज्ञ सांगू लागले आहेत आणि त्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या हा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. वजनाच्या दर किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, अशा दोन मात्रा काही दिवसांच्या अंतराने दिल्या जातात. मात्र गरोदर स्त्रिया आणि १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुले यांना ही गोळी देत नाहीत, त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

सर्वांत मोठे नुकसान मात्र मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे करतात. नायटा असो, इसब असो की खरूज, दुकानदार तीच ट्यूब पुढे करतो. तिने दोन दिवसांत खाज आणि लाली दबते, किडा मात्र निर्धास्त वाढतो, आणि पुरळाचे मूळ रूप बदलल्याने पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. वृद्धाश्रमांतील दुर्बल रुग्णांमध्ये तर किड्यांची संख्या हजारांवर जाऊन अंगावर जाड खपल्या धरतात. खाज कमी असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि सेवा करणाऱ्या सर्वांना लागण होते.

खरूज म्हणजे अस्वच्छता हा समज सोडावा, अशी माझी पालकांना आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांना कळकळीची विनंती आहे. रोज अंघोळ करणाऱ्यालाही ती होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, खरजेच्या रुग्णांची पांघरुणे वापरूनही लागण क्वचितच होते; ती मुख्यतः त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिल्याने होते. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात किंवा पिशवीत बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवाव्यात, तेवढे पुरे. गाद्या जाळण्याची किंवा मुलीला खोलीबाहेर काढण्याची काहीही गरज नसते. बाहेर काढले जाण्याच्या भीतीने मुली आजार लपवतात आणि तो अधिक पसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. फिजीमधील एका अभ्यासात, ज्या बेटांवर सर्वच रहिवाशांना आयव्हरमेक्टिन देण्यात आले तिथे वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या खाली आले; केवळ रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातील माणसांना मलम दिले तिथे ते निम्म्याच्या आसपासच थांबले. पुणे महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाने यावरून निदान एवढे करावे: एक रुग्ण आढळला की त्याच्या खोलीतील किंवा घरातील सर्वांना पुरेल एवढे औषध महापालिकेच्या दवाखान्यातून मोफत मिळावे, ते कसे लावायचे याचा मराठी आणि हिंदीतील कागद सोबत द्यावा, आणि जूनमध्ये वसतिगृहे भरण्यापूर्वी अधीक्षकांना याबाबत लेखी सूचना पाठवाव्यात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, पुणे