आजार मान्य, पण आजारातली चूक अमान्य?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सरकारी पाकीट आलं की तो ते न फोडता गादीखाली सरकवतो. आत पाळत ठेवणाऱ्यांचा निरोप आहे, अशी त्याची खात्री असते. मध्यंतरी तब्येत बरी असताना त्यानं काही महिने एका ठिकाणी काम केलं. आजारामुळे त्याला सरकारी अर्थसाहाय्य मिळतं; त्या कार्यालयाला हे कळवायला हवं होतं, नाही कळवलं. आता जादा मिळालेल्या अर्थसाहाय्याच्या वसुलीची नोटीस आली आहे. कारण दिलंय, ‘माहिती हेतुपुरस्सर दडवली’.

गंमत अशी, की ज्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर हे साहाय्य मंजूर झालं, त्यात स्वतःचे व्यवहार त्याला सांभाळता येत नाहीत असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रमाणपत्र आणि नोटिशीची प्रत एकाच फाइलमध्ये आहेत. पैसे देताना मानलेला आजार परत मागताना कुठे जातो?

हा पेच जगभर आहे. ब्रिटनमध्ये शिकण्या-समजण्याची क्षमता कमी असलेल्या एका आईची मुलं सरकारी देखभालीत गेली. ते कळवायचं असतं हे तिला उमगलंच नाही आणि मुलांपोटीची रक्कम येत राहिली. 2005 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं वसुली योग्य ठरवली. कळवण्याचं कर्तव्य समजण्याच्या कुवतीवर अवलंबून नाही, असा त्याचा अर्थ. 2012 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही ती हरली. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा नियमांत मात्र वसुली माफ करण्याची तरतूद आहे. त्यासाठी लाभार्थ्याचा दोष होता का हे आधी पाहतात, आणि ते ठरवताना त्याच्या मानसिक मर्यादा विचारात घ्याव्या लागतात. दोष नसेल आणि वसुलीनं त्याच्या पोटाला चिमटा बसणार असेल, तर माफी मिळू शकते. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

फसवणूक होतच नाही असं मी म्हणत नाही. रुग्णाच्या नावावर पैसे उचलणारे नातेवाईकही पाहिले आहेत. म्हणून सगळी सूत्रं घरच्यांच्या हाती द्या, असंही माझं मागणं नाही. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मर्यादित पालकत्वाची सोय केली आहे. त्यात निर्णय पालक आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनी मिळून, परस्परविश्वासानं घ्यायचा असतो. कार्यालयाच्या पत्रांची एक प्रत अशा पालकाला गेली असती, तरी एवढी रक्कम साठली नसती. ती साठली याला कार्यालयाची दिरंगाईही कारण आहे, पण तिचा हिशेब कुणी मांडत नाही.

भावाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. नोटिशीच्या शेवटी छापलंय : ‘आपणास नियम समजला नव्हता, याचा पुरावा अर्जदाराने स्वतः उपस्थित राहून सादर करावा.’

– एक वाचक