पेट्रोलच्या भूमिगत टाक्या : हरकतीची मुदत चुकवू नका

सर्व सभासदांना नमस्कार.

विकास नियंत्रण नियमावलीत भूमिगत इंधन टाक्यांबाबत फेरबदल करण्याची पालिकेची सूचना राजपत्रात आली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ३७ नुसार हरकती-सूचना द्यायला त्या तारखेपासून फक्त एक महिना मिळतो. त्यातले बारा दिवस सरलेसुद्धा.

अंतराचा मुद्दा नीट समजून घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवा पंप शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी भागापासून ५० मीटर लांब हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून कमी चालतं, पण ३० मीटरच्या आत कदापि नाही. हे अंतर पंपाच्या कुंपणापासून नाही, तर टाकी भरायचं तोंड, वितरण यंत्र किंवा व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) यांतलं जे जवळ असेल तिथून मोजतात. मसुद्यात नुसतं ‘पंपापासून’ लिहिलंय. आपली हरकत नेमकी यावरच आहे.

मागच्या उन्हाळ्यात बी विंगच्या बोअरच्या बादलीवर तेलकट, रंगीत तवंग दिसला होता, आठवतंय ना? कारण कळलं नाही, म्हणून कुणावर ठपका नको. पण गळती तपासण्यासाठी निरीक्षण विहिरीची (टाकीजवळचं भूजल तपासायच्या विहिरीची) मागणी अर्जात घातली आहे.

रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये सह्या घेऊ. फ्लॅट क्रमांक लिहायला विसरू नका. भाडेकरूही सही करू शकतात, हरकत कुणालाही घेता येते.

– सचिव