माझ्या पणजीचं नाव कोणत्या दप्तरात शोधू?

प्रति,
माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : वीटभट्ट्यांच्या गावांतली जुनी कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची पुस्तकं) नावावरून शोधता यावीत याबाबत

महोदय,

मी कातकरी आहे. माझ्याकडे जातीचा दाखला आहे, पडताळणीही झालेली आहे. हे सुरुवातीलाच सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत ज्या ज्या टेबलापुढे उभी राहिले तिथं पहिला प्रश्न एकच आला : “दाखल्यासाठी का?” नाही म्हटलं की समोरचा माणूस चष्म्यावरून बघतो. “मग कशाला हवंय?”

मला माझ्या पणजीचं नाव हवंय.

माझा आजा वीटभट्टीवर जन्मला, कल्याणच्या खाडीकाठी. आजीनं तिच्या सासऱ्याकडून ऐकलेली हकिगत एवढीच आहे : पणजी रात्री उशिरापर्यंत गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवत होती, पहाटे भोंग्यात बाळंत झाली. पुढच्याच हंगामात त्याच भट्टीवर तापानं गेली. पणज्यानं दुसरी बायको केली आणि पहिलीचं नाव घरात निघेनासं झालं. आजा तिला ‘भट्टीवरची आय’ म्हणायचा. त्यालाही नाव ठाऊक नव्हतं. आता विचारायला माणूसच उरलं नाही.

भोंगा म्हणजे काय हे आपल्या खात्यातल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. कच्च्या विटा एकमेकींवर रचायच्या, वर पेंढा किंवा झापं टाकायची, वाकून आत शिरायचं. हंगाम संपला की घर मोडतं आणि त्याच्या विटा भाजून विकल्या जातात. सहा-सात महिने आमची माणसं अशा घरात राहायची. अजूनही राहतात.

आम्ही मुळात विटा पाडणारे नव्हे. आमचं नावच कातावरून पडलं. खैराच्या लाकडापासून कात काढायचा आणि गावात विकायचा, हा धंदा. १८७८ च्या वन कायद्यानं जंगल सरकारचं झालं, खैराला हात लावणं गुन्हा ठरलं, आणि आमची माणसं आधी कोळशाच्या भट्टीवर, मग विटांच्या भट्टीवर गेली. मुंबई वाढत होती. खाडीकाठची गाळाची माती, भाताचा तूस आणि भरतीला किनाऱ्याला लागणारा मचवा, एवढ्यावर धंदा चालायचा. पावसाळ्यात घरात दाणा नसला की मालकाचा माणूस बयाणा देऊन जायचा. दिवाळीनंतर जोडी भट्टीवर. जोडी म्हणजे नवरा-बायको. आठवड्याला खर्ची, विटांचा दर हजारावर, आणि पावसाच्या तोंडावर हिशोब. बहुतेकदा हिशोबात अंगावर काहीतरी निघायचंच, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

मालकाच्या वहीत जोडीचं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव. विटा दोघांनी थापल्या तरी खातं एकाचं. त्या मालकाच्या नातवाला मी शोधून काढलं. माणूस चांगला, चहा पाजला. वह्यांचं विचारलं तर म्हणाला, “अहो, त्या कधीच तुसाबरोबर भट्टीत गेल्या.” जिथं भट्टी होती तिथं आता वीस मजली टॉवर आहे. त्याच्या कुंपणाजवळ मला एक अर्धी वीट मिळाली, तीही बहुधा तिथली नसावी. आणली मात्र घरी.

तर वही गेली. राहिलं सरकारी दप्तर.

आपलं खातं माणसाला जमिनीवरून ओळखतं. सात-बारा, फेरफार, पेरेपत्रक, सगळ्याची सुरुवात सर्व्हे नंबरापासून. ‘आपले अभिलेख’वर जुने कागद स्कॅन करून ठेवलेत, चांगलं काम आहे. पण तिथंही जिल्हा, तालुका, गाव निवडून पुढं सर्व्हे किंवा गट क्रमांक लागतो. आमचा सर्व्हे नंबर कुठला? ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती अशा माणसाची दखल घेणारं गावात एकच पुस्तक होतं, कोतवाल बुक. गाव नमुना चौदा. कुणब्याचं पोर असो की कातकऱ्याचं, जन्मलं किंवा मेलं की त्यात ओळ पडायची. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मरण असेल तर कारण. बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच, कारण नोंद बारशाच्या आधीची. आईचंही नसतं. पण बाई मेली तर तिच्या मरणाची ओळ असते. माझी सगळी आशा त्या ओळीवर आहे.

आमच्या मूळ गावचं पुस्तक मी पाहिलं. मोडीत होतं, म्हणून आधी मोडी शिकले. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. पुस्तकात आमच्या वाडीचे जन्म आहेत ते जवळजवळ सगळे पावसाळ्यातले. पहिल्यांदा हसू आलं, मग लक्षात आलं. दिवाळी ते वैशाख वाडीत कुणी नसायचंच. त्या महिन्यांतले जन्म-मृत्यू भट्टी ज्या गावच्या हद्दीत, तिथल्या पुस्तकात जाणार, तेही तिथला कोतवाल गावठाण सोडून नदीकाठापर्यंत गेला असेल तर.

त्या हद्दीचं गाव कोणतं, हे आजीच्या सांगण्यावरून आणि खाडीच्या वळणावरून मी तीन गावांपर्यंत आणलंय. तिथली पुस्तकं ज्या कचेरीत आहेत तिथं अर्ज केला. अर्जात गाव, दिनांक आणि मृताचं नाव लिहायचं होतं. मृताचं नाव हाच माझा प्रश्न आहे असं सांगितलं, तर बाबू म्हणाले, “मग आम्ही शोधायचं काय?” त्यांचंही चुकलं नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं, तर मागितलेल्या स्वरूपात माहिती उपलब्ध नाही असं उत्तर आलं. पुस्तकं मला दाखवा, मी स्वतः बसून वाचते, म्हटलं. पानं जीर्ण आहेत, हात लावू देता येणार नाही.

महोदय, पानं जीर्ण आहेत हे खरंच. मात्र २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा अशीच जीर्ण पानं उघडली गेली. मोडी जाणकार बसवले, नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. उलट ते पाहूनच मला हे पत्र लिहायचं धाडस झालं. सरकारनं मनावर घेतलं तर पुस्तकं वाचता येतात, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. फक्त त्या पुस्तकांत शोधायची होती ती एकच जात. त्याच पानावर, दोन ओळी खाली, ‘कातकरी’ लिहिलेलं असेल तर त्या ओळीचं काय झालं?

माझं मागणं मोठं नाही. ठाणे, पालघर आणि रायगडच्या खाडी-नदीकाठच्या ज्या गावांत भट्ट्या होत्या, तिथली कोतवाल बुकं आधी स्कॅन करावीत. प्रत्येक ओळीची यादी करताना नाव, जात आणि घटनेचं ठिकाण हे तीन रकाने ठेवावेत, म्हणजे भट्टीवर झालेली नोंद मूळ गावच्या माणसाला घरबसल्या सापडेल. आणि शोधणाऱ्याला कारण विचारू नये.

यात दाखल्यांचाही प्रश्न सुटेल, तो माझा नसला तरी. अनुसूचित जमातीच्या पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे भट्टीवर जन्मले आणि भट्टीवरच मेले त्यांनी तो मूळ गावात कुठून आणायचा? पंतप्रधान जनमन योजनेत वाडीवाडीवर शिबिरं झाली, जिवंत माणसांना आधार मिळालं, दाखले मिळाले. मेलेल्यांसाठी शिबिर लागत नाही, एक स्कॅनर पुरतो.

आणि हे जुनं दुखणं म्हणून बाजूला ठेवू नका. १९६९ च्या कायद्यानं नोंदणी ग्रामपंचायतीकडे आली, तरी जन्म जिथं झाला तिथंच नोंदवायचा हा नियम आहे. मी शिक्षिका आहे. मागच्या जूनमध्ये माझ्या वर्गात एक पोरगी आली, जन्मदाखला नाही. आईला विचारलं, कुठं झाली? “भट्टीवर.” कोणत्या गावात? “नाव नाय ठावं बाय, खाडी होती.”

पणजीच्या ओळीत कदाचित नावही नसेल. नुसतं ‘अमक्याची बायको, ताप’ एवढंच असेल. तरी ती ओळ मला एकदा डोळ्यांनी बघायची आहे.

तिन्ही गावांची नावं आणि अंदाजे सालं स्वतंत्र अर्जात आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहेत. उत्तर मोडीत आलं तरी चालेल, मला वाचता येतं.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
कातकरवाडी, जिल्हा रायगड